आत्याचं न उघडलेलं खोकं

न मावणारी वस्तू जगात नसते, भरणाऱ्याला अक्कल नसते. हे वाक्य माझं स्वतःचं आहे आणि आमच्या टेम्पोच्या मागच्या फळीवर ते रंगवून घ्यायचं माझ्या फार मनात होतं. बायकोने नको म्हटलं. लोक टेम्पोच्या मागून जाताना वाचतील आणि तुम्हाला उगाच ओव्हरटेक करतील, असं तिचं म्हणणं.

मी घरसामान हलवण्याच्या धंद्यात आहे. लोक घर बदलतात, मी त्यांचा संसार खोक्यांत भरतो, टेम्पोत घालतो आणि दुसऱ्या दारात उतरवतो. आजवर माझ्या हातून एक कप फुटलेला नाही. बशी फुटली आहे, पण ती आधीच तडकलेली होती, असं माझं म्हणणं आहे.

माझे नियम दोन. पहिला, खोक्यात पोकळी ठेवायची नाही. पोकळी राहिली की वस्तू हलते आणि हलली की फुटते. म्हणून पातेल्यात वाटी, वाटीत चमचे, चमच्यांच्या फटीत मोजे. दुसरा नियम, गाठ माझीच. चिकटपट्टीवर माझा विश्वास नाही. नायलॉनची दोरी आणि तिला मी मारलेली गाठ. ती गाठ हाताने सुटत नाही, दाताने सुटत नाही, मला स्वतःलासुद्धा सुटत नाही. ती कापावीच लागते, म्हणून माझ्या खिशात कायम एक कटर असतो. गिऱ्हाईक विचारतं, "साहेब, ही सुटणार कशी?" मी छाती फुगवून सांगतो, "सुटतच नाही. गॅरंटी."

तर हा असा मी. आणि माझ्या आत्याचं घर हलवायचं होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मामा, म्हणजे तिचे यजमान, स्टोव्ह आणि शेगड्या दुरुस्त करायचे. ते गेल्यापासून ती एकटीच राहत होती. गुडघ्यांनी संप पुकारला तशी तिच्या लेकीने, माझ्या आतेबहिणीने, हट्ट धरला: आता कायमची माझ्याकडे ये. लेकीचं गाव इतकं लांब, की ट्रक सकाळी निघाला तरी वाटेत मुक्काम करतो. आत्या हो म्हणाली. माझ्या आतेबहिणीने ट्रक ठरवला, मी खोकी भरायला घेतली, आणि एवढं चोख काम केलं की ट्रक यायच्या आदल्या सकाळी घरात एक सतरंजी, एक आत्या आणि भिंतीवरचा खिळा एवढंच उरलं.

"आता एक दिवस मोकळा आहे," आत्या म्हणाली, "तर ठोकळ्या, मला संध्याकाळी त्या बागेत ने."

ठोकळ्या म्हणजे मी. लहानपणी मी दिवसभर लाकडी ठोकळे रचत बसायचो, तेव्हाचं नाव. धंद्यात मला सगळे साहेब म्हणतात, पण आत्यापुढे ठोकळा तो ठोकळाच.

बाग म्हणजे गावाबाहेरची जुनी मुघली बाग. मधोमध दगडी कालवा, त्यात ओळीने कारंजी, दोन्ही बाजूंना उंच झाडं. संध्याकाळी, बाग बंद व्हायच्या आधी थोडा वेळ, कारंजी सोडतात. मामा आणि आत्या दर आठवड्याला तिथे जाऊन बसायचे. मामांचं तोंड म्हणजे वाहता नळ. गिऱ्हाइकाशी बोलायचे, गिऱ्हाईक नसलं तर स्टोव्हशी बोलायचे. पण कारंजी सुरू झाली की ते एकदम गप्प व्हायचे. "आमच्या सगळ्या संसारात," आत्या सांगायची, "तेवढाच वेळ मला त्यांच्या शेजारी शांत बसायला मिळाला." मामा गेल्यावर ती तिकडे फिरकली नव्हती. आता गाव सोडायच्या आधी तिला एकदाच, कारंजी सुरू होताना, त्या कालव्याच्या काठावर बसायचं होतं.

एवढंच. एखाद्या शहाण्या भाच्याने काय केलं असतं? दुपारी तिला झोपू दिलं असतं, चहा पाजला असता आणि संध्याकाळी नेऊन बसवलं असतं.

माझ्या डोळ्यांना मात्र तो दिवस दिसला, आणि त्या दिवसात मला केवढी पोकळी दिसली!

"आत्या, संध्याकाळपर्यंत काय भिंतीकडे बघत बसायचं?" मी म्हणालो. "त्याच रस्त्यावर आधी दर्गा लागतो, मग शाही मकबरे लागतात, मग बाग. सकाळी दर्गा, दुपारी मकबरे, संध्याकाळी बाग. निघताना सगळं एकदा बघून जा."

"अरे, मला नुसतं बसायचंय."

"बसशील गं! सगळं मावेल."

"अहो," बायको म्हणाली, "त्या खोकं नाहीत. आत्या आहेत."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. लग्नाला बरीच वर्षं झाली की ते आपोआप जमतं.

पहिली माशी दारातच शिंकली. आत्याच्या चपला सापडेनात. मऊ तळव्यांच्या, डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी मुद्दाम घ्यायला लावलेल्या चपला. शोध शोध शोधल्या, आणि मग मला आठवलं. कुकरच्या खोक्यात एका बाजूला पोकळी राहिली होती. ती मी भरली होती. चपलांनी. त्या खोक्यावर माझी गाठ पडली होती आणि त्या खोक्यावर आणखी बरीच खोकी.

"राहू दे," आत्या म्हणाली, आणि दारामागून मामांच्या जुन्या चपला काढून तिने पायात घातल्या. त्या तिने कधी टाकल्या नव्हत्या. मी त्या दोनदा टाकायच्या पिशवीत घातल्या होत्या, तिने दोनदा परत काढल्या होत्या. तिच्या पावलांना त्या होड्यांसारख्या मोठ्या होत होत्या. फटक फटक करत ती टेम्पोत चढली आणि पुढच्या सीटवर बसून मला म्हणाली, "चल. पण कारंजी चुकवू नकोस हं."

"माझी जबाबदारी," मी म्हणालो. असले शब्द देव नेमके ऐकत असावा.

दर्ग्याच्या दारात जोडे काढून ठेवायचे होते. तिथे जोड्यांचा नुसता समुद्र. मी टेम्पोतून एक पोतं आणलं, आमच्या तिघांची पायताणं त्यात घातली आणि तोंड बांधून वर माझी गाठ मारली. आता कोण चोरतो बघू!

आत थंडगार होतं. गुलाबाचा आणि धुपाचा वास, मधोमध चादर घातलेली कबर आणि तिच्याभोवती संगमरवराची जाळी. त्या जाळीला दोरेच दोरे, लाल, पिवळे, उन्हापावसाने पांढरे पडलेले. माणसं काही मागणं मागतात आणि दोरा बांधून जातात. आत्या जाळीपुढे उभी राहिली आणि तिचा चेहरा बदलला.

"अरे, बरं झालं आणलंस. मी विसरूनच गेले होते. लेकीचं नीट बस्तान बसू दे म्हणून मी इथे दोरा बांधला होता. आता ती मलाच बोलावतेय म्हणजे बसलंच की. मागणं पुरं झालं की येऊन एक दोरा सोडायचा असतो."

मी बायकोकडे विजयी नजरेने बघितलं. त्या दिवसातला तो माझा शेवटचा विजय.

"तुझा कुठला?"

"कुठलाही चालतो. आपण दुसऱ्याचा सोडायचा, आपला कुणीतरी आधीच सोडलेला असतो."

तिने एका दोऱ्याला हात घातला, पण तिची बोटं आता वळत नाहीत. बारीक गाठ तिला सुटेना. मी म्हटलं, सरक, मी बघतो. गाठ म्हटलं की माझा हात आपोआप खिशात जातो. मी कटर काढला, एक जाडसर, जुनाट दोरा निवडला आणि कच्चकन कापला.

झालं असं होतं की जाळीत जागा उरली नव्हती. म्हणून मागून आलेल्या लोकांनी आधीच्या दोऱ्यांना दोरे बांधले होते, आणि त्यांना पुढच्यांनी. मी कापला तो सगळ्यांचा खापरपणजोबा होता. जाळीवरून केळीच्या घडासारखा एक अख्खा झुबका सुटला आणि धप्पकन माझ्या पायांवर पडला.

मग दर्ग्याची देखभाल करणारे एक वृद्ध चाचा पुढे आले. त्यांनी झुबक्याकडे पाहिलं, कटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ," ते शांतपणे म्हणाले, "एवढ्या लोकांची मागणी तुम्ही जमिनीवर आणलीत."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडायचं काम बाकीच्यांनी केलं.

"यात माझा दोरा आहे! माझ्या मुलाची मुलाखत आहे आज!"

"माझ्या बहिणीचं लग्न ठरत आलंय हो!"

एक दणकट बाई गर्दीतून वाट काढत आल्या. "माझ्या नवऱ्याचं घोरणं थांबावं म्हणून बांधला होता. आत्ता कुठे जरा कमी झालं होतं!"

माझी पाचावर धारण बसली. पण आत्याच म्हणाली, "अरे, घाबरतोस काय? पडले तर बांध परत." तेही खरंच. बांधणं हा तर माझा धंदा! मी मांडी ठोकली. आत्या भिंतीला टेकून बसली, झुबक्यातला एकेक दोरा मोकळा करून देऊ लागली आणि मी जाळीला बांधत सुटलो. माझा हात असा चालला की गर्दीसुद्धा निवळली. कुणी सूचना करू लागलं, माझा जरा वर बांधा, माझा कबरीच्या जवळ. मला तर वाटायला लागलं की झालं ते चांगल्यासाठीच.

मग त्या घोरण्यावाल्या बाईंनी आपला दोरा ओढून बघितला.

"ही सुटणार कशी?"

"सुटतच नाही," मी सवयीने म्हणालो. "गॅरंटी."

"अहो, सुटायला हवी!" त्या किंचाळल्या. "काम झालं की कुणीतरी येऊन सोडायची असते. तुम्ही तर आमची सगळ्यांची कामं जन्माची अडकवून ठेवलीत!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पुन्हा गदारोळ. मी कटरकडे हात नेला, तर तो चाचांनी केव्हाच उचलून खिशात घातला होता. "हा आता इथेच राहू द्या," ते म्हणाले. मग बायकोने केसातली पिन काढून दिली आणि मी माझ्याच गाठी त्या पिनेने उकरत बसलो. धंद्यात इतकी वर्षं घालवली, पण आपली गाठ किती चिवट आहे हे मला त्या दिवशी कळलं. चाचा शेजारी बसले आणि त्यांनी मला सैल फास शिकवला, ओढला की सुटणारा. असली गाठ मी खोक्याला मारली असती तर मला धंदा बंद करावा लागला असता.

दुपार टळत आली तेव्हा शेवटचा दोरा जाळीवर गेला. आत्याने मला हळूच हाक मारली. "ठोकळ्या, निघू या का रे? कारंजी..."

"वेळ आहे गं अजून."

बाहेर आलो. पोतं जिथल्या तिथे होतं. चोराचा बापही ते उघडू शकला नसता. आणि कटर आत चाचांच्या खिशात. मी दात लावले, बायकोने पिन लावली, पिन तुटली. परत आत जाऊन कटर मागायचं माझं धाडस झालं नाही. शेवटी पोतं खांद्यावर टाकलं आणि आम्ही तिघं अनवाणीच टेम्पोत बसलो.

"आता सरळ बागेत," बायको म्हणाली.

आणि इथे, मंडळी, मला कुणीतरी थांबवायला हवं होतं. दर्ग्यात घडलं तो अपघात होता. पुढचं मात्र मी शुद्धीवर असताना केलं. बागेत पोचायला वेळ होता. चांगला भरपूर वेळ होता. लवकर पोचलो असतो, झाडाखाली बसलो असतो, काही न करता कारंज्यांची वाट बघितली असती. पण तेवढी मोकळी जागा मला बघवेना.

"मकबरे वाटेतच आहेत," मी म्हणालो. "नुसतं डोकावू. आत कुणाकडे तरी सुरी असेल, पोतंही उघडून होईल. एका दगडात दोन पक्षी."

बायको काहीतरी बोलणार होती, पण आत्याने तिचा हात दाबला. "एवढं म्हणतोय तर बघू. माझ्यासाठीच तर करतोय तो."

शाही मकबरा म्हणजे डोंगराएवढी इमारत. वर घुमट असा, की त्याखाली आमच्या गोदामासारखी चार गोदामं उभी राहिली असती. आणि आत मधोमध काय, तर एक कबर! मी व्यवसायाच्या नजरेने बघितलं आणि मला राहवेना.

"बघितलंस आत्या? एवढी मोठी पेटी आणि आत माणूस एकच. बाकी सगळी पोकळी. कुणी बांधली असेल त्याला भरायचं काही कळत नव्हतं."

"पोकळी आहे म्हणून तर आवाज घुमतो," आत्या म्हणाली. मग तिने वर घुमटाकडे बघितलं आणि अगदी हळू, जशी ती स्वयंपाकघरातून मामांना हाक मारायची तशी, म्हणाली, "अहो, ऐकताय का?"

घुमटाने ते उचललं, फिरवलं आणि वरून परत पाठवलं. ऐकताय का... ऐकताय का... आत्या मान वर करून शेवटचा आवाज विरेपर्यंत ऐकत राहिली. बायकोने डोळ्यांना पदर लावला. मला काय करावं कळेना, म्हणून मी सुरी शोधायला बाहेर गेलो.

आता जरा चित्र डोळ्यांपुढे आणा. मकबऱ्याच्या दारात एक माणूस. सगळ्यांच्या पायांत जोडे, हा अनवाणी. खांद्यावर फुगलेलं पोतं. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून विचारतोय, "सुरी आहे का, सुरी?"

पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. "पोत्यात काय आहे?"

"चपला," मी म्हणालो.

त्याचे डोळे चमकले. "दर्ग्यातून आलात?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"तिथून रोज जोडे चोरीला जातात," तो म्हणाला आणि त्याने माझा दंड धरला. "आज सापडला!"

मी ओरडून सांगितलं की या आमच्याच चपला आहेत. तो म्हणाला, मग घाला की. मी म्हणालो, गाठ सुटत नाही. तो म्हणाला, कुणी मारली? मी म्हणालो, मीच. यावर तो असा हसला, की सगळे शहाणे लोक चोराकडे बघून तसेच हसत असावेत. त्याने मला त्याच्या चौकीत नेलं. मागून आत्या आणि बायको, दोघी अनवाणी, तापलेल्या फरशीवरून तुरुतुरु. पहारेकऱ्याचा साहेब चहाला गेला होता आणि साहेबाशिवाय मुद्देमाल उघडायचा नाही असा त्याचा नियम. आम्ही बाकावर बसलो. खिडकीतून उतरत चाललेलं ऊन दिसत होतं. आत्या त्या उन्हाकडे बघत होती. त्या वेळी तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर फार बरं वाटलं असतं.

साहेब आले. त्यांनी दोरीशी झटापट केली, घाम पुसला आणि शेवटी पोतंच टराटरा फाडलं.

"ज्याची त्याने ओळखून घाला," त्यांनी हुकूम सोडला.

माझ्या मला झाल्या. बायकोच्या बायकोला झाल्या. आत्याने पुढे होऊन मामांच्या चपलांत पाय घातले. मागे निम्मी चप्पल रिकामी.

"आजी," साहेब म्हणाले, "या तुमच्या नाहीत. या पुरुषाच्या आहेत."

"माझ्या यजमानांच्या आहेत."

"मग ते कुठे आहेत? बोलवा त्यांना."

आत्याने एकदा खिडकीबाहेरच्या घुमटाकडे बघितलं. "हाक मारली होती मघाशी," ती म्हणाली. "ते नाहीत आता."

साहेबांनी मान खाली घातली. पहारेकऱ्याने माझा दंड सोडला. मग साहेब स्वतः आम्हाला टेम्पोपर्यंत सोडायला आले आणि आत्याला चढताना त्यांनी हात दिला.

मी टेम्पो असा हाणला, की मागे एखादं नाजूक खोकं असतं तर मी स्वतःला कामावरून काढून टाकलं असतं. बागेच्या भिंतीशी पोचलो आणि पाण्याचा आवाज आला. कारंजी सुरू होती! भिंतीपलीकडे, अगदी जवळ, पावसासारखी सरसर.

"आत्या, चल! पोचलो! सांगितलं होतं की नाही?"

ती उतरली. फाटकापासून कालवा बराच आत आहे. ती जमेल तेवढ्या जोरात चालत होती. फटक फटक, फटक फटक. एकदा मोठी चप्पल पायातून निसटली, बायकोने ती उचलून परत घातली. मी पुढे धावत होतो, मागे वळत होतो, चल चल म्हणत होतो. त्या मऊ चपला पायात असत्या तर कदाचित पोचलो असतो. कदाचित.

झाडांची ओळ संपली आणि कालवा दिसला. लांबच्या टोकाचं कारंजं खाली आलं. मग त्याच्या अलीकडचं. मग त्याच्या अलीकडचं. एकेक पाण्याचा दांडा गुडघे टेकल्यासारखा बसत आमच्याकडे येत गेला, आणि शेवटचं कारंजं आमच्या समोर बुडबुड करून विझलं. मग माळ्याची शिट्टी झाली. बाग बंद.

"बस, आत्या," मी म्हणालो. "बस ना. मी सांगतो त्यांना."

माळी आला. मी हात जोडले. तो वाईट नव्हता, पण फाटकाची चावी दुसऱ्याकडे होती आणि तो दुसरा घाईत होता. आत्याने मला दंडाला धरून मागे घेतलं. कालव्यातलं पाणी अजून हलत होतं. ते स्थिर होईपर्यंत ती उभ्याउभ्याच बघत राहिली.

"दिसली ना बाग," ती म्हणाली. "चल."

परतताना टेम्पोत कुणी बोललं नाही. पोकळी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. माझ्या टेम्पोत ती कधी नव्हती, आणि ती भरायला माझ्याकडे काही नव्हतं.

सकाळी ट्रक आला. मी एकेक खोकं चढवलं. आत्या पुढे बसली, तिने खिडकीतून माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान झाला रे कालचा दिवस. किती बघितलं!" ट्रक वळणाआड गेला तरी मी तिथेच उभा होतो. ती खोटं बोलली होती, आणि तेही माझं मन राखायला. मला इतकं वाईट वाटलं की मी भिंतीवरचा तो खिळा उपटून घरी घेऊन आलो. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याचं काय करायचं हे मला माहीत नाही.

बऱ्याच दिवसांनी तिचा फोन आला. लेक चांगली सांभाळते, खोली हवेशीर आहे, खोकी सगळी उघडून झाली, एक कप फुटला नाही.

"फक्त एक खोकं राहिलंय," ती म्हणाली.

"का गं?"

"तुझी गाठ सुटत नाही."

"अगं, मग कात्री लाव ना! ती कापायचीच असते."

"कापायची नसते," आत्या म्हणाली. "कापलं की काय होतं ते बघितलंस ना? मी त्या गाठीवर मागणं मागून ठेवलंय. ते पुरं झालं की ती सोडायची, तीसुद्धा हाताने. आणि आपली आपण सोडायची नसते, दुसऱ्याने सोडायची असते. तेव्हा तूच ये."

मागणं कसलं ते मी विचारलं नाही.

"त्या खोक्यात आहे तरी काय?" शेवटी मी विचारलं.

"कुकर," ती म्हणाली. "आणि माझ्या चपला."

"अगं, मग चालतेस कशी तू?"

"यांच्या आहेत ना. आता सवय झाली. जरा हळू चालावं लागतं, एवढंच."

म्हणून मी आता टेम्पो सर्व्हिसिंगला टाकला आहे. पुढच्या महिन्यात तिला आणायला जाणार. दुपारी झोपू देणार, चहा पाजणार, बागेत लवकर नेणार आणि काठावर बसणार. गप्प. बायको मला रोज सैल गाठीचा सराव करायला लावते. काल ती म्हणाली, "आणि ऐका, जाता-येता वाटेत काही म्हणजे काही बघायचं नाही. शपथ घ्या."

मी घेतली. वाटेत एक जुना किल्ला लागतो, ते मी तिला सांगितलेलं नाही.